अखंड वस्त्राची रजई : कला आणि उपजीविका

गोधडी म्हटली की रंगीबेरंगी तुकड्यांचे ठिगळकाम डोळ्यांपुढे उभे राहते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर या भागांतील सिद्दी स्त्रियांची कवंदी ही याच जातीची. परंतु तुकडे न जोडता एकाच वस्त्रावर केवळ टाक्यांनी नक्षी उमटविण्याची दुसरीही एक परंपरा जगात आहे. तिला अखंड वस्त्राची रजई म्हणता येईल. तिची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अशा रजईचे तीन थर असतात : वरचे वस्त्र, मधला कापूस किंवा लोकर आणि खालचे अस्तर. हे थर धावदोऱ्याने एकत्र शिवले जातात. जेथे टाका पडतो तेथे वस्त्र दबते व दोन टाक्यांच्या ओळींमधील भाग फुगून वर येतो. नक्षी दिसते ती या उंचसखलपणामुळे पडणाऱ्या छायाप्रकाशातून. येथे रंगाचा आधार नसतो. त्यामुळे वाकडा टाका लपविता येत नाही. कारागिराच्या हाताची खरी कसोटी लागते.

या प्रकारचे अतिशय प्राचीन उपलब्ध नमुने इटलीतील सिसिली बेटावरचे आहेत. सुमारे १३६० ते १४०० या काळात तेथे तागाच्या वस्त्रावर ट्रिस्टन या वीराची कथा टाक्यांनी चितारण्यात आली. आकृत्या उठून दिसाव्यात म्हणून त्यांत कापूस भरलेला आहे. त्यांपैकी एक रजई लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, तर दुसरी फ्लॉरेन्स येथे आहे. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रान्समधील मार्सेय हे बंदर पांढऱ्या नक्षीदार रजयांच्या व्यापारासाठी प्रसिद्धीस आले.

आपल्या देशाचाही या इतिहासात वाटा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमधील सातगाव येथे पोर्तुगीज व्यापाऱ्यांसाठी सुती वस्त्रावर पिवळसर टसर रेशमाने भरतकाम केलेली आच्छादने तयार होत. पोर्तुगीज भाषेत त्यांना ‘कोल्चा’ म्हणत. शिकारीची दृश्ये आणि बायबलमधील प्रसंग त्यांवर भारतीय कारागिरांच्या हातून उतरले.

तथापि, सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील व वेल्समधील आहे. हे दोन्ही प्रदेश कोळशाच्या खाणींचे. खाणीत पती दगावला वा जायबंदी झाला की घराचा भार स्त्रीवर येई. अशा अनेक स्त्रियांनी डरहॅम भागात ‘रजई मंडळे’ चालविली. शेजारीपाजारी दर आठवड्याला ठरावीक हप्ता देत आणि पाळीपाळीने एकेकाला रजई मिळे. आपल्याकडील भिशीची येथे आठवण व्हावी. दोन लांब दांड्यांच्या चौकटीवर वस्त्र ताणून, एक हात वर व एक हात खाली ठेवून बाई तासन्‌तास शिवीत बसे. मुले सुयांत दोरा ओवून देत. एका रजईस कित्येक आठवडे लागत आणि श्रमांच्या मानाने मोबदला तुटपुंजाच पडे.

१९२८ साली तेथील ग्रामोद्योग मंडळाने या कामात लक्ष घातले. कारागीर स्त्रियांना उत्तम कापड पुरविणे, कामाचा दर्जा राखणे, नवशिक्यांसाठी वर्ग चालविणे आणि लंडनमध्ये ग्राहक मिळवून देणे, असे त्या योजनेचे स्वरूप होते. क्लॅरिजेस या नामांकित हॉटेलनेही या रजया मागविल्या. कौशल्य घरात पूर्वीपासून होतेच. उणीव होती ती चांगल्या मालाची आणि बाजारपेठेची. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले आणि ही योजना थांबली.

कला मात्र लोपली नाही. डरहॅम पद्धतीच्या कुशल कारागीर एमी एम्स यांनी ती पुढील पिढीस शिकविली. १९८४ साली ब्रिटिश शासनाने त्यांना सन्मानित केले. दरम्यान १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने रजया चित्रांप्रमाणे भिंतीवर मांडल्या व त्यांकडे पाहण्याची दृष्टी पालटली. आजचे कलावंत अखंड वस्त्र रंगवून किंवा शिवणयंत्राने त्यावर रेघा ओढून स्वतंत्र कलाकृती निर्माण करतात.

आपल्या घरातील जुन्या लुगड्याची वाकळ या दृष्टीने पुन्हा पाहावी. अखंड लुगड्याच्या पृष्ठभागावरून कडेकडेने आत जाणाऱ्या धावदोऱ्याच्या समांतर ओळी म्हणजे याच कलेचे साधे, घरगुती रूप होय. शिक्षकांनी हस्तकलेच्या तासाला हातभर कापडावर तीन थर घालून हा प्रयोग करून पाहावा, आणि गावातील ज्या वृद्ध स्त्रिया अद्याप वाकळ शिवतात त्यांना वर्गात सन्मानाने बोलवावे. मात्र त्यांच्या कामाचे मोल ठरविताना केवळ कापडाचा हिशेब करू नये. टाक्यांत खर्ची पडलेले दिवसही त्यात धरावेत. डरहॅमच्या चौकटीवर बसलेल्या त्या विधवांचा अनुभव आपणास हेच सांगतो.