अपत्याचा पहिला पाठ

मातापिता अपत्यास पुष्कळ सांगतात. परंतु अपत्य स्वतः जे करते तेच त्याच्या ठिकाणी टिकते. आपल्या सूत्रपाठात ‘विचार’ व ‘आचार’ अशी स्वतंत्र प्रकरणे आहेत. दोन्ही आवश्यकच होत. तथापि बालवयात प्रारंभ आचारापासून होतो.

विनोबा भावे (१८९५–१९८२) यांचे बालपण याची साक्ष देते. तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी घरचा फणस पिकला की, आई रुक्मिणीबाई प्रथम शेजाऱ्यांकडे गरे पाठवीत. नेऊन देणारा हात बाल विनायकाचा असे. घरच्यांनी खावयाचे ते त्यानंतर. जिभेवर आलेली गोडी आवरून देणे, हा तो पाठ होय. १९५१ साली पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी भूमी मागून १०० एकरांचे पहिले दान स्वीकारणारा तोच पुत्र होता.

वासनिक मातापित्यांनी स्वतःस विचारावे : दारी भिक्षुक आला असता आपल्या घरी वाढणारा हात कोणाचा? आपण द्यावे आणि मुलाने नुसते पाहावे, एवढ्याने पाठ पुरा होत नाही. त्याला प्रिय असलेल्या वस्तूतील वाटा त्याच्याच हातून जावा. हातास लागलेले वळण बुद्धीस सहसा सोडीत नाही.