पुनर्बांधणी केलेले इंजिन आणि ठिणगीची वेळ

शेव्हरोले कंपनीचे आठ सिलिंडरांचे, व्ही-आकाराचे 'स्मॉल ब्लॉक' इंजिन 1955 साली अमेरिकेत बाजारात आले. पुढे कित्येक दशके पेट्रोलवर चालणाऱ्या असंख्य मालवाहू गाड्यांत ते बसविले गेले. झिजलेले इंजिन उतरवून, नवे पिस्टन-रिंग, बेअरिंग आणि कॅमशाफ्ट घालून ते पुन्हा जोडण्याची पद्धत तेथे रूढ आहे. मात्र सर्व काम नीट होऊनही पहिल्या दिवशी इंजिन सुरू होत नाही, कार्बुरेटरमधून भडका उडतो, असा अनुभव अनेकदा येतो. अशा वेळी पुनर्बांधणीच बिघडली असे मानण्यापूर्वी ठिणगीची वेळ तपासणे इष्ट ठरते.

मिश्रण पेटून त्याचा दाब पुरता वाढण्यास थोडा अवधी लागतो. म्हणून पिस्टन वरच्या टोकास पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. हे 'किंचित' क्रँकशाफ्टच्या फेऱ्याच्या अंशांत मोजतात. मिनिटाला 600 फेरे असताना क्रँकशाफ्ट सेकंदाच्या हजाराव्या भागात 3.6 अंश फिरतो; 3,000 फेऱ्यांच्या वेगात तो तेवढ्याच काळात 18 अंश फिरतो. त्यामुळे वेग वाढेल तशी ठिणगी अधिक लवकर पाडण्याची योजना डिस्ट्रिब्यूटरमध्ये केलेली असते.

आता मूळ घोटाळ्याकडे वळू. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो : एकदा संपीडनाच्या शेवटी आणि एकदा जळालेला वायू बाहेर टाकून झाल्यावर. ठिणगी हवी ती पहिल्या वेळी. क्रँकशाफ्टच्या पुढील चक्रावरील खूण दोन्ही वेळा शून्यावरच येते. तिच्यावरून हा भेद कळत नाही.

या इंजिनात आणखी एक सापळा आहे. टायमिंग चेन चढविताना दोन्ही दातेरी चक्रांवरील ठिपके समोरासमोर आणतात. त्या स्थितीत पहिल्या सिलिंडरची ठिणगीची वेळ आली, असा समज सहज होतो. वस्तुतः तेव्हा ती वेळ सहाव्या सिलिंडरची असते. ज्वलनाचा क्रम 1-8-4-3-6-5-7-2 असा असून, त्यात सहावा सिलिंडर पहिल्याच्या बरोबर अर्ध्या चक्राने मागे आहे. चुकीच्या समजुतीने डिस्ट्रिब्यूटर बसविला, की प्रत्येक ठिणगी भलत्याच धावेत पडते.

याचा पडताळा सोपा आहे. बॅटरीची तार सोडवावी, सर्व प्लग काढावेत, पहिल्या सिलिंडरच्या छिद्रावर बोट ठेवावे आणि पान्याने क्रँकशाफ्ट हळूहळू सुलट दिशेने फिरवावा. बोटाला हवेचा दाब जाणवू लागला, की संपीडनाची धाव चालू झाली. त्यानंतर खूण शून्याजवळ येईल तेव्हा डिस्ट्रिब्यूटरचा रोटर टोपीतील पहिल्या क्रमांकाच्या तारेकडे वळलेला असावा. तेथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तारा वरील क्रमाने लावाव्यात. डिस्ट्रिब्यूटर पूर्ण खाली टेकला आहे ना, हेही पाहावे. त्याच्या खालच्या टोकाने तेलपंपाचा दांडा फिरतो आणि ती खाच जुळली नाही तर तो अधांतरी राहतो.

खूणही निःशंक मानू नये. जुन्या डँपर-चक्रातील रबर सैल होऊन बाहेरचे कडे सरकते, किंवा वेगवेगळ्या वर्षांचे चक्र आणि दर्शकपट्टी एकत्र आलेली असते. खात्रीसाठी प्लगच्या छिद्रात पिस्टन अडविणारा खिळा बसवून क्रँकशाफ्ट दोन्ही दिशांनी हाताने अलगद फिरवावा. तो जेथे जेथे अडेल तेथे चक्रावर खूण करावी. दोन खुणांचा मध्य हे खरे वरचे टोक होय. 20 सेंटिमीटर व्यासाच्या चक्रावर एक अंश म्हणजे सुमारे पावणेदोन मिलिमीटर. तेव्हा थोडेसे सरकणेही दुर्लक्षणीय नव्हे.

ही सर्व तपासणी इंजिन सुरू करण्यापूर्वीच व्हावी, याला सबळ कारण आहे. सपाट टॅपेट असलेल्या नव्या कॅमशाफ्टला जोडणीच्या वेळी विशेष वंगण लावलेले असते. स्टार्टरने वारंवार फिरविल्यास ते पुसले जाते आणि कमी वेगामुळे नवे तेलही पुरेसे उडत नाही. कॅमचे उंचवटे अशा वेळी काही मिनिटांतच झिजू शकतात. म्हणूनच असे इंजिन सुरू होताच सुमारे 20 मिनिटे 2,000 फेऱ्यांच्या आसपास चालवितात.

त्यानंतर अचूक जुळणी करावी. पॉइंट असल्यास आधी त्यांतील अंतर ठीक करावे, कारण ते बदलले की वेळही बदलते. डिस्ट्रिब्यूटरची निर्वात नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि इंजिन ठरलेल्या मंद वेगावर ठेवून टायमिंग लाइटचा प्रकाश खुणेवर टाकावा. डिस्ट्रिब्यूटर रोटरच्या उलट दिशेने वळविल्यास ठिणगी लवकर पडते, सुलट वळविल्यास उशिरा. फार लवकर पडल्यास भार ओढताना टकटक आवाज येतो आणि पिस्टनला इजा पोहोचते. फार उशिरा पडल्यास शक्ती घटते व इंजिन तापते. योग्य अंश त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावेत.

इतके करूनही इंजिन दुर्बल चालले, तर टायमिंग चेन एखाद्या दात्याने चुकली असण्याचा संभव असतो. झडपांची ती चूक डिस्ट्रिब्यूटर वळवून दुरुस्त होत नाही. पुढचे झाकण उघडावेच लागते.