सीट बदल, सायकल सोडू नकोस

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, सायकल सोडून द्यावी म्हणते. पळसदरीपर्यंत जाऊन आलीस तरी दोन दिवस धड बसता येत नाही म्हणालीस. नेमकं कुठे दुखतं ते विचारलं तर गप्प झालीस. घरात सगळे होते, कळलं मला. म्हणून हे निवांत लिहून पाठवतेय. एकटी असशील तेव्हा वाच.

सगळ्यात आधी एक मनातून काढून टाक. तुझं शरीर नाजूक आहे, वजन जास्त आहे, सवय नाही, असलं काही नाही. तुझी सीट तुझ्या मापाची नाही. ब्लाऊज आपण मापाने शिवतो, आणि तासन् तास जिच्यावर बसायचं ती सीट मात्र सायकलबरोबर जी आली ती मुकाट्याने वापरतो. नव्या सायकलबरोबर येणारी सीट कुणाचं माप घेऊन निवडलेली नसते, ती सरसकट बसवलेली असते.

आता टणक फरशीवर मांडी घालून बस आणि दोन्ही हात खाली घालून चाचपून बघ. डावीकडे-उजवीकडे एकेक हाड लागेल. माकडहाड नव्हे, ते मागे असतं, त्याच्यावर भार यायलाच नको. ही दोन हाडं भार घ्यायलाच असतात. त्यांच्या मधला भाग मऊ असतो. तिथे नसा आहेत, रक्तवाहिन्या आहेत, नाजूक त्वचा आहे. सीट अरुंद असली की हाडं कडेने बाहेर लटकतात आणि सगळं वजन त्या मधल्या भागावर येतं. तिथली आग, मुंग्या, बधिरपणा त्यातूनच येतो. उलट सीट फार रुंद असली की मांड्यांची आतली बाजू प्रत्येक पेडलला घासते आणि सोलवटते.

माप घरीच घेता येतं. पार्सलच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा घे, न दुमडलेला. जिन्याच्या पायरीवर तो ठेव, वर साधा कागद ठेव, पातळ लेगिंग्ज घालून त्यावर बस. टाचा उचल म्हणजे गुडघे वर येतील, थोडी पुढे वाक, अर्धा मिनिट अंगाचा पूर्ण भार दे. उठलीस की कागदावरून रंगीत खडू आडवा धरून हलकेच घासत ने. दोन खोलगट जागी रंग लागत नाही, तिथे दोन फिकट डाग उमटतात. त्या डागांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टीने मोज. बहुतेकींचं हे अंतर दहा ते पंधरा सेंटिमीटरच्या आत येतं. त्यात साधारण दोन सेंटिमीटर मिळव, ती तुझ्या सीटची रुंदी. तू हँडलवर बरीच वाकून चालवत असशील तर थोडी कमी चालेल, ताठ बसत असशील तर तीन-चार मिळव. आणि हे लक्षात ठेव, अंगाने भरलेल्या बाईची हाडं जवळजवळ असू शकतात आणि काटकुळ्या मुलीची लांब असू शकतात. नुसतं बघून दुकानदाराला सांगता येत नाही, तुला स्वतःलाही नाही.

आता त्या जेलच्या कव्हरबद्दल. तू ते मागवणार होतीस ना? नको मागवू. बोटाने दाबलं की छान वाटतं, बाजारात दोन फेऱ्या मारायला ठीकही आहे. पण तासाभराच्या चालवण्यात हाडं त्या मऊपणात रुततात आणि मधला जेल वर येतो. जिथे भार नको तिथेच तो दाबतो. शिवाय कव्हर सरकतं, आणि सरकणारी प्रत्येक गोष्ट कातडी सोलते. सीट थोडी टणकच हवी, मधोमध खाच किंवा भोक असलेली. अशा सीटा बायकांसाठी रुजवणाऱ्यांत जॉर्जिना टेरी ही अमेरिकन इंजिनिअर होती. तिने 1985 मध्ये फक्त बायकांच्या मापाच्या सायकली बनवणारी कंपनी काढली आणि पुढे बायकांसाठी मधे भोक असलेली सीटही आणली.

आणि हे दुखणं नवशिक्यांचं आहे असंही समजू नकोस. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकच्या तयारीत ब्रिटनच्या महिला सायकलपटूंनी आपल्या टीमच्या तज्ज्ञांपुढे हेच मांडलं. पदकं मिळवणाऱ्या बाया त्या, आणि तोवर त्याही सोसत होत्या. बोलल्या म्हणून त्यावर अभ्यास झाला, आणि शर्यतीत सीटचा पुढचा भाग किती झुकवता येतो याचा आंतरराष्ट्रीय नियमही त्या सुमारास सैल झाला. त्या अभ्यासातून निघालेला एक सल्ला तुझ्याही कामाचा आहे: तिथले केस पूर्ण काढू नकोस. ते कातडीला घासण्यापासून वाचवतात, आणि काढले की केसतोड उठतात.

सीट घ्यायला जाशील तेव्हा खालच्या बाजूला रुंदी छापलेली बघ, 143, 155 असे मिलिमीटरमधले आकडे असतात. कर्जतला किंवा खोपोलीला मनासारखी मिळाली नाही तर पनवेल, कल्याण आहेच. पैसे देण्याआधी विचार, आठ दिवस वापरून बदलून द्याल का? काही जण देतात. 'लेडीज' लिहिलंय म्हणून घेऊ नकोस, तुझं माप आधी, लेबल नंतर.

नवी सीट आणून तशीच लावलीस तर मात्र पुन्हा मलाच फोन करशील. आधी उंची. भिंतीला धरून बस, पेडल सगळ्यात खाली ने आणि त्यावर टाच ठेव. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पंजा पेडलवर ठेवलास की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. सीट जास्त उंच असली की खालचं पेडल गाठायला कंबर डावी-उजवी डुलते, आणि तुझं सोलवटणं निम्मं त्या डुलण्यातून येत असणार. फार खाली असली की गुडघ्याची वाटी पुढून दुखते. मग कल. मोबाईलमधली लेव्हल सीटवर ठेव, सपाट आली पाहिजे. तरी मधे दाबलं जात असेल तर पुढचं टोक एक-दोन अंश खाली कर, त्याहून जास्त नको. नाहीतर तू पुढे घसरत राहशील आणि मनगटं दुखतील.

बाबांच्या काळ्या सायकलवरून जात असशील तर तिची सीट खालून बघ. दोन्ही बाजूंना नट आणि आत दातेरी चकत्या असतात. ते दाते झिजले की खड्डा आला रे आला, सीटचं टोक वर उचलतं. पाना घेऊन कितीही आवळ, टिकत नाही. त्या चकत्यांसकट सीटचा क्लिपच नवीन घाल. अगदी स्वस्त वस्तू आहे.

चढाचं वेगळं. मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' जिथे ठरतो तो बोरघाट तुझ्या उशाशी आहे, तेव्हा कधीतरी तुला शिंगरोबाच्या देवळापर्यंत जावंसं वाटणारच. शंभर फुटांना सहा फूट चढ असला की सायकलबरोबर सीटचं टोकही साडेतीन अंशांनी वर होतं, आणि सपाटीवर न जाणवलेला दाब तिथे जाणवतो. दर काही मिनिटांनी उभी राहून दहा-वीस पेडल मार, रक्त फिरू दे. आधी चौकला जाऊन ये, महडला वरदविनायकाचं दर्शन घेऊन ये, मग घाटाचं बघू. आणि एक्सप्रेसवेच्या वाटेला जाऊ नकोस, तिथे सायकलला बंदी आहे.

कपड्यांचं सांगते. पॅड लावलेली सायकलची शॉर्ट्स घे आणि तिच्या आत काहीही घालू नकोस. निकरची शिवण आणि ओला सुती कपडा हेच तर काचतात. लोक बघतात म्हणून संकोच वाटत असेल तर वरून सैल ट्रॅकपँट किंवा लांब कुर्ता घाल, काही बिघडत नाही. रोज धुवायची, उलटी करून वाळवायची. आपल्या कर्जत-खोपोली भागात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून दोन शॉर्ट्स हव्यात. दमट कधीच घालू नकोस. जिथे घासतं तिथे निघण्याआधी व्हॅसलिन लाव. घरी आलीस की गप्पा मारत बसू नकोस, आधी आंघोळ.

पावसात लोक सीटवर कॅरीबॅग ओढतात, ती सायकल उभी असतानाच ओढ, बसताना काढ. फाटकी सीट पाणी पिऊन बसते, वरून पुसलीस तरी भार पडला की आतून ओल येते. चामड्याची सीट सुंदर असते, वापरता वापरता बसणाऱ्याच्या हाडांचा आकार घेते, इंग्लंडची ब्रूक्स कंपनी एकोणिसाव्या शतकापासून बनवते आहे. पण आपल्या हवेत तिला बुरशी धरते, तू त्या फंदात पडू नकोस.

पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडची कड फार घासते. कप वापरायची तयारी असेल तर सायकलवर त्याच्यासारखं सोयीचं काही नाही. नसेल, तर ते दोन दिवस चालवू नकोस किंवा अगदी जवळ जाऊन ये. त्यात कमीपणा काही नाही.

नवी सीट लागली की पहिले आठ-दहा दिवस ती दोन हाडं ठणकतील. ते चालतं, आपोआप जातं. पण मधल्या भागाला बधिरपणा आला तर तिथल्या तिथे उतर, आणि पुढच्या वेळी सीट हलवून बघितल्याशिवाय निघू नकोस. उतरल्यावरही बधिरपणा गेला नाही, बाहेरच्या बाजूला सूज राहिली, गळू झालं किंवा लघवीला जळजळ होत असेल तर घरगुती उपाय करत बसू नकोस, बाईडॉक्टरकडे जा आणि सायकल चालवते हे स्पष्ट सांग. आईला सांगायला अवघड जात असेल तर मला सांग, मी येईन बरोबर.

आज पुठ्ठ्यावरचं माप तेवढं घे आणि मला आकडा पाठव. शनिवारी मी पनवेलला जाणारच आहे, दोन-तीन सीटा बघून येते.