वाळूजच्या लाइनवर कॅमेरा निवडताना

खुलताबाद तालुक्यातली कितीतरी मुलं-मुली रोज घाट उतरून वाळूजच्या कारखान्यांत जातात. त्यातले बरेच क्यूसीत, नगानग डोळ्यांनी तपासणारे. शिफ्टच्या शेवटी डोळे थकतात आणि बारीक ब्लोहोल, म्हणजे ओतकामातलं हवेचं छिद्र, निसटतं. मग मालक कॅमेऱ्याचं कोटेशन मागवतो, आणि कोटेशन मेगापिक्सेलपासून सुरू होतं. त्यावर सही होण्याआधी पुढची कामं करून घ्या.

आधी खराब नग जमवा. सगळ्यात बारीक कोणता दोष पकडायचा, तो मिलिमीटरमध्ये लिहा. ‘सगळे दोष’ असं लिहिलंत तर पुढचं एकही गणित जमणार नाही.

आता हिशेब. समजा 60 मिमी व्यासाचं अॅल्युमिनियम कास्टिंग आहे आणि दोष 0.1 मिमीचा. नग थोडा सरकतो म्हणून 75 मिमी रुंदीचं दृश्य धरा. दोषावर किमान 3 पिक्सेल पडायला हवेत, म्हणजे 75 ÷ 0.1 × 3 = 2250 पिक्सेल रुंदीत. 2448 × 2048 चा 5 मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरतो. 20 मेगापिक्सेलचे पैसे वाचवून लेन्स आणि दिव्यावर घाला.

मग प्रकार ठरवा. सुटे नग असतील तर एरिया स्कॅन, म्हणजे पूर्ण दृश्याचं चित्र घेणारा. पत्रा, कागद, कापड असा अखंड सरकणारा माल असेल तर लाइन स्कॅन. तो एकेक ओळ टिपतो, म्हणून त्याला पट्ट्याच्या गतीशी जोडणारा एन्कोडर सहसा लागतोच. गोल नगाची बाहेरची बाजू फिरवून पाहायची असेल तरी लाइन स्कॅनच सोयीचा. दोष तापमानाचा असेल तर थर्मल कॅमेरा घ्यावा लागतो, आणि त्याच्यासमोर साधी काच लावू नका. ती उष्णतेचे लांब तरंग अडवते.

नग पळता असेल तर सगळं चित्र एकदम टिपणारं ग्लोबल शटरच घ्या. रोलिंग शटर ओळीओळीने टिपतं, त्यामुळे पळता गोल नग तिरका दिसतो. पट्टा सेकंदाला 200 मिमी धावत असेल आणि एक पिक्सेल 0.03 मिमीचा असेल, तर नग एका पिक्सेलपेक्षा जास्त सरकू नये म्हणून एक्सपोजर 150 मायक्रोसेकंदांच्या आत हवं. इतक्या कमी वेळात पुरेल असा जोरदार दिवा लागतो.

रंग ओळखायचा नसेल तर मोनो, म्हणजे कृष्णधवल कॅमेराच घ्या. रंगीत सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेलवर रंगाची गाळणी असते, म्हणून बारीक रेषा पुसट होते. लाल दिव्याखाली निळी गोळी मोनो कॅमेऱ्याला गडद दिसते. औषधाच्या स्ट्रिपवरचं काम पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

केबल मोजा. गिगई (GigE) ही नेटवर्क केबलची जोडणी 100 मीटरपर्यंत चालते. यूएसबी 3 चा वेग जास्त, पण साधी केबल तीन-पाच मीटरच.

सगळ्यात जास्त वेळ दिव्याला द्या. चरा असेल तर बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर प्रकाश, चकचकीत पृष्ठभागाला घुमटाकार दिवा, छिद्राचा व्यास मोजायचा तर नगामागून प्रकाश. शेडच्या खिडकीतलं ऊन सकाळ-दुपार बदलतं, म्हणून स्टेशनवर झाकण करा. प्रकाशात दोष उठून दिसला नाही, तर महागडा कॅमेराही तो दाखवणार नाही.

शेवटी तुमचेच खराब नग विक्रेत्याकडे न्या, तुमच्याच पट्ट्याच्या वेगाने चाचणी मागा, आणि चांगले नगही सोबत द्या; चांगला माल बाद करणारं मशीन ऑपरेटर दोन दिवसांत बंद करून ठेवतो. जो चाचणी द्यायला तयार नसेल, त्याच्याकडून कॅमेरा घेऊ नका.