मनूला दळणाला पाठव

शुभा, ‘आमच्या पश्चात मनूचं काय?’ हा तुझा प्रश्न मला नवा नाही. माझी आई तो देवापुढे दिवा लावताना विचारायची आणि बाबा हिशोबाची वही उघडून. आज दोघंही नाहीत आणि नंदू, मनूसारखाच माझा धाकटा भाऊ, पन्नाशीला टेकलाय. तेव्हा मी तुला पुस्तकातलं काही सांगत नाहीये. तू ज्या दिवसांना घाबरतेस, त्या दिवसांत राहून बोलतेय. आपण गेल्यावर या प्रश्नाचं उत्तर कुणी शोधत बसत नाही गं. तेराव्याला जमलेले नातेवाईक फक्त जबाबदारी कुणाच्या गळ्यात घालायची ते ठरवतात. उत्तर घडवायचं ते आत्ता, तुझे हातपाय धड आहेत तोवर. ठेवी आणि विम्याचं बघूच, पण सुरुवात मी दळणाच्या डब्यापासून करायला सांगेन.

अठरा पूर्ण झाली आणि मनूची विशेष शाळा संपली. सकाळी दाराशी येणारी बस बंद झाली. आता अकराला आंघोळ, मग मालिका, मग दिवसभर तुझ्या मागे मागे. वजन वाढलंय, चिडचिड वाढलीय आणि तुला वाटतं हे सगळं डाऊन सिंड्रोममुळे. थायरॉइड जरूर तपासून घे, या मुलांमध्ये तो त्रास जास्त आढळतो आणि दरवर्षी बघावाच लागतो. पण एकोणीस वर्षांची कुठलीही मुलगी दिवसभर घरात बसवली तर चिडेलच की!

नंदू गिरणीत जायला कसा शिकला ते ऐक. विशेष मुलांच्या कार्यशाळेतल्या बाईंनी आईला सांगितलं होतं, कामाचे तुकडे पाडा आणि शेवटच्या तुकड्यापासून शिकवा. गहू डब्यात भरायचे, झाकण घट्ट लावायचं, डबा पिशवीत ठेवायचा, रस्ता ओलांडायचा, ‘पोळीचं, बारीक’ असं सांगायचं, थांबायचं, पैसे द्यायचे, गरम डबा घरी आणायचा. आधी आईच सगळं करायची आणि आपल्या दारात डबा त्याच्या हातात द्यायची. तो आत नेऊन ओट्यावर ठेवायचा आणि ‘दळण आणलं!’ म्हणून ओरडायचा. काम पुरं केल्याचा मान पहिल्या दिवसापासून त्याचा. मग डबा जिन्यापासून त्याच्याकडे, मग गिरणीच्या पायरीपासून. मदतसुद्धा अशीच हळूहळू काढून घ्यायची असते. आधी हात धरून, मग बोटाने दाखवून, मग नुसतं ‘पुढे काय?’ विचारून, आणि शेवटी पाठ फिरवून. हे शेवटचं सगळ्यात अवघड, आणि ते शिकायचं असतं आईला.

पैसे मोजणं त्याला तेव्हा येत नव्हतं, अजूनही येत नाही. पाकिटात पुरेल एवढी एकच नोट ठेवायची आणि गिरणीवाले काका सुटे परत द्यायचे. एकदा ज्वारीचा डबा नेऊन हा ‘पोळीचं’ म्हणाला. काकांनी झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाले, “नंदूशेठ, आज भाकरी दिसतेय!” आई गेली तेव्हा हा काही दिवस दिसला नाही म्हणून चौकशी करत पहिले घरी आले ते हेच काका. शुभा, मी म्हणते ते उत्तर हे. आईबाबांनी नंदूसाठी जे जे मागे ठेवलं, त्यात गिरणीपर्यंतचा तो रस्ता मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

आता मला सांग, तुझ्या गल्लीत मनूला मनू म्हणून ओळखणारी माणसं किती? वाणी, औषधवाले, स्टँडवरचे रिक्षावाले, वाचनालयातल्या बाई. सोसायटीच्या गणपतीत तिला मान म्हणून पुढची खुर्ची देतात. खुर्ची नको, काम माग. आरतीचं तबक फिरवणं, प्रसादाचे द्रोण मांडणं तिला सहज जमेल. लग्नाकार्याला जाताना तिला शेजारी सोडून जाऊ नकोस. लोक बघतात? बघू देत. दोनतीनदा बघून झालं की त्यांचीही नजर सरावते. आणि मतदार यादीत तिचं नाव घातलंस का? एखाद्याचं मानसिक संतुलन ठीक नाही असं सक्षम न्यायालयाने ठरवलं असेल तरच नाव नाकारता येतं, नुसतं डाऊन सिंड्रोम आहे म्हणून नाही.

आता दार लावून बोलायची गोष्ट. मनू किती ऐकते, कशी शहाण्यासारखी वागते याचं सगळे कौतुक करतात. मला त्याचीच धास्ती वाटते. जिने आजवर कुणाला ‘नाही’ म्हटलं नाही, ती नको त्या माणसाला कसं म्हणेल? अठरा वर्षांपर्यंत पॉक्सोचं, म्हणजे बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं, संरक्षण असतं. नंतर नाही. वय म्हणजे जन्मतारखेनुसारचं वय, मानसिक वय धरता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिलाय. म्हणून ‘नाही’ म्हणायचा सराव घरातच हवा. हिरवा ड्रेस नको म्हणाली तर नको. आत्याने गालगुच्चे घेतलेले आवडत नसतील तर तिने तसं म्हणावं आणि तू तिची बाजू घ्यावीस. न्हाणीघराची कडी ती आतून लावेल. पाठ चोळायला आता तू आत जायचं नाहीस. पाळीच्या तारखेला कॅलेंडरवर खूण करणं, पॅड बदलणं, वापरलेलं कागदात गुंडाळून टाकणं, हेही दळणासारखंच तुकड्या-तुकड्यांनी येतं.

‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ असं तुला कुणी ना कुणी सुचवलं असेलच. अजिबात ऐकू नकोस. 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससूनमध्ये काढली गेली, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर स्पष्टच आहे, व्यक्तीने स्वतः समजून-उमजून संमती दिल्याशिवाय मूल होण्याची क्षमता घालवणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया तिच्यावर करता येत नाही. आणि बाई म्हणून एक सांगू? गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, तो फक्त उघडकीला येत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड नसेल तर आधी ते. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना घे, वर्षाला 1 लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण मिळतं आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. मनूच्या बाबांची, अजितची नोकरी सरकारी आहे, तेव्हा कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मनूचं नाव त्याच्या कार्यालयात आत्ताच लावून घ्या, नंतर फार धावपळ होते. राहिलं पालकत्व. अठरानंतर आईवडीलसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. पालकत्वाचं प्रमाणपत्र 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती देते. बँकेत वगैरे अडलं तर जरूर घे. पण कागद हातात आला म्हणून मनूचं मत संपलं असं समजू नकोस. 2016 च्या कायद्यातलं मर्यादित पालकत्व ठरावीक निर्णयापुरतं आणि ठरावीक काळापुरतं असतं, आणि तेही तिच्याशी बोलून, तिच्या इच्छेला धरून.

कामाचं म्हणशील तर कार्यशाळेत नाव जरूर घाल. पणत्या, उटणं, राख्या, कागदी पिशव्या करताना हात वळतात, मैत्रिणी मिळतात. पण दिवाळीला चार खोकी खपली की वर्षभर सामसूम, असं बऱ्याच ठिकाणी होतं. म्हणून बाहेरही बघ. मुंबईत जुहूला कॅफे अर्पण आहे, 2018 मध्ये सुरू झालेलं. तिथे मनूसारखीच मोठी मुलं-मुली स्वयंपाकघर सांभाळतात, टेबलावर ऑर्डर घेतात. एकदा तिला घेऊन जा, नुसतं पोहे-सँडविच खायला का होईना. तुला दिसेल ते तिलाही दिसेल. तुमच्या नाक्यावर पोळीभाजी केंद्र आहे ना, तिथे डबे भरायला रोज दोन तास ठेवतील का, विचारून बघ. एक अट मात्र घाल. पगार थोडा का असेना, तिच्या हातात पडला पाहिजे. आणि त्यातून तिने टिकल्याच घेतल्या तर गप्प बस.

मनूच्या भावाबद्दल, ओंकारबद्दलही बोलायचंय. तू त्याच्या देखत म्हणतेस, ‘ओंकार आहे ना, तो बघेल ताईला.’ मी थोरली बहीण, हेच ऐकत मोठी झाले. नंदूवर माझा जीव आहे, पण मला कुणी कधी विचारलं नव्हतं. ओंकारला विचार. काय जमेल, काय नाही ते त्याला मोकळेपणाने बोलू दे. भाऊ म्हणून प्रेमाने येणारा माणूस आणि जुंपलेला माणूस यांत फार फरक असतो.

आणि तिला तुझ्याशिवाय झोपायची सवय लाव. आधी मावशीकडे एक रात्र, मग कार्यशाळेच्या शिबिरात दोन. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं ‘घरकुल’ आहे, आपल्यासारख्याच पालकांनी एकत्र येऊन उभं केलेलं. ते पाहून ये. कदाचित पुढे मनू अशा ठिकाणी राहील, कदाचित तुमच्याच घरात मदतनीस बाईंच्या सोबतीने राहील. दोन्हींत कमीपणा काही नाही, फक्त ती जागा तिने आधी पाहिलेली असावी. रडतरखडत, आई कुठे गेली विचारत तिथे पोचलेली माणसं मी बघितली आहेत.

एवढं सगळं एकदम होणार नाही, करूही नकोस. एक वही घाल. औषधं, डॉक्टर, तिला काय आवडतं, चिडली की काय केल्याने शांत होते, सगळं तीत लिहीत जा. आणि या महिन्यात एकच काम शिकवायला घे. दळण मी माझ्या अनुभवाने म्हटलं, मनूला कदाचित इस्त्रीचे कपडे आणायचे असतील, कदाचित फुलपुडी. काय शिकायचंय ते तिलाच विचार. उत्तर द्यायला वेळ घेईल, तोवर तू मध्ये बोलू नकोस. मग मला फोन कर. आणि फोन तिच्याच हातात दे, मला तिच्याकडून ऐकायचंय.

तुझी ताई