जुनी बाइक घेताय? आधी कागद, मग किक!

आजचा विषय जुन्या बाइकचा आहे. जुन्या आरएक्स १००, येझदी, बुलेट घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि विकायच्या, हा धंदा करायचा विचार तुमच्यापैकी बरेच जण करतायत. धंदा चांगला आहे, पण पहिल्याच गाडीत पूर्ण भांडवल अडकू शकतं. म्हणून व्हिडिओत जे घाईघाईत बोलून गेलो, ते इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊनच बसा.

आधी बाजार समजून घ्या

जुन्या मोबाइलची किंमत दरवर्षी पडते. मग तीस वर्षांची आरएक्स १०० महाग का होते? कारण माल संपलाय आणि नवा येणार नाही.

आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ मध्ये आली. सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेल्या सुट्या भागांच्या किटवर इथे जुळवल्या होत्या, म्हणून आजही लोक ‘जपान मेड’ म्हणून जास्त पैसे मागतात. १९९६ मध्ये ती बंद झाली, कारण प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक इंजिनाला ते झेपेनात. त्याच वर्षी येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखानाही बंद पडला.

आता तुम्ही म्हणाल, बाहेरच्या देशांत जुन्या बाइक पडून आहेत, तिकडून आणू. नाही जमणार. आपल्या आयात धोरणात वापरलेली गाडी आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. त्यावर जबरदस्त कस्टम ड्यूटी. पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांचे नियम वेगळे आहेत, पण १९८५ ते ९६ ची बाइक त्यातही बसत नाही.

म्हणजे काय झालं? दोन्ही दरवाजे बंद. देशात आज जेवढ्या गाड्या कागदासकट शिल्लक आहेत, तेवढाच माल. ‘कागदासकट’ या शब्दाखाली रेघ मारा. पिस्टन मिळतो, टाकी मिळते, सीट मिळते. आरसी मात्र कुठल्याच स्पेअर पार्टच्या दुकानात मिळत नाही. म्हणून या धंद्यात तुम्ही खरेदी करता ती आरसी, आणि तिच्यासोबत लोखंड येतं.

आपली पोरं नेमकं उलटं करतात. किक मारली, आवाज ऐकला, खूश झाले, पैसे दिले. कागद नंतर बघू! असं करायचं नाही.

पायरी १ : आरसी नीट वाचा

झेरॉक्स नको, फोटो नको, मूळ आरसी हातात घ्या आणि चार गोष्टी बघा.

पहिली, मालकाचं नाव. समोर विकायला उभा असलेला माणूस तोच आहे का? ‘मी त्यांच्याकडून घेतली, नावावर करायची राहिली’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. अशा वेळी आरसीवरच्या मालकाची सही मिळत असेल तरच पुढे जा. मालक वारला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१ असतो. एका भावाने विकली आणि दुसऱ्याने हरकत घेतली, तर मध्ये तुम्ही अडकता.

दुसरी, मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, ज्याला आपण ‘पासिंग’ म्हणतो. १९९४ ची गाडी असेल तर २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशी पासिंग झालेली हवीत. २००९ नंतर काहीच नसेल तर फी, उशिराचा दंड आणि पर्यावरण कर मिळून किती होतात, ते आरटीओत विचारा आणि किंमत ठरण्याआधी कागदावर लिहा.

तिसरी, इंजिनची क्षमता. आरएक्स १०० चं इंजिन ९८ सीसीचं, आरएक्स १३५ चं १३२ सीसीचं. दोन्ही दिसायला जवळजवळ सारख्या. १३५ ला १०० चे स्टिकर लावून जास्त भावात विकतात. आरसीवरचा सीसीचा आकडा बघितला की हा प्रश्न मिटला.

चौथी, बोजा. जुन्या कर्जाची नोंद असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटलं असलं तरी नोंद आपोआप जात नाही.

यानंतर एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. नोंद सापडली तर आरसीशी जुळवा, थकलेली चलनंही बघा. नोंदच सापडली नाही तर लगेच घाबरू नका. जुन्या गाड्यांची नोंद कधी कधी नुसत्या रजिस्टरमध्ये असते, ती संगणकावर चढवावी लागते. त्याला ‘बॅकलॉग एंट्री’ म्हणतात आणि ती मूळ आरटीओकडूनच होते. ही एंट्री विकणाऱ्याने करून द्यायची, आपण नाही. ‘देतो करून’ यावर पैसे सोडायचे नाहीत.

पायरी २ : नंबर जुळवा

खिशात पेन्सिल आणि पातळ कागद ठेवा. चेसिस नंबर बहुतेक बाइकला हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर पंच केलेला असतो. कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उमटतो. आरटीओतही असाच ठसा मागतात. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो.

दोन्ही आकडे आरसीशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. अंक वरखाली असतील, तिथे घासल्याच्या खुणा असतील, किंवा सगळी गाडी गंजलेली आणि नेमकी तेवढीच जागा ताज्या रंगाची असेल, तर हात जोडा आणि निघा. गाडी चोरीची निघाली तर पैसे जातातच, शिवाय चोरीचा माल घेतला म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली चौकशीला सामोरं जावं लागू शकतं. धंद्याची सुरुवात पोलीस स्टेशनच्या बाकड्यावरून नको.

पायरी ३ : आता मारा किक

सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, गाडी थंड ठेवा. गरम इंजिन दोष लपवतं. सोबत मेकॅनिक न्या, त्याची मजुरी द्या. टू-स्ट्रोकला थोडा धूर येणारच, तो दोष नाही. खालून खडखड येतेय का, गिअर सुटतो का, फ्रेमला कुठे वेल्डिंग आहे का, हे बघा. इंजिन बसलेलं असलं तरी चालेल, फक्त खर्च मोजता आला पाहिजे. वाकलेली फ्रेम मात्र नको.

पायरी ४ : किंमत उलटी मोजा

मालक किती मागतो यावरून सुरुवात करू नका. तयार गाडी तुमच्या गावात कितीला जाईल, तिथून मागे या. खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमच्या बाजाराचे तुम्ही टाका.

समजा तयार गाडी १,२०,००० ला जाईल.
इंजिनकाम : १५,०००
रंग आणि क्रोम : १२,०००
टायर, वायरिंग, किरकोळ : ८,०००
पासिंग, कर, विमा, नावावर करणं : ८,०००
अचानक निघणारा खर्च : १२,०००
तुमचा नफा : १५,०००

सगळं वजा केलं की उरतात ५०,०००. ही तुमची वरची मर्यादा. मालक ७०,००० म्हणत असेल तर त्याला वाईट बोलू नका, चहा प्या, नंबर देऊन या. दोन महिन्यांनी तोच फोन करेल. नाही केला तरी दुसरी गाडी आहे.

पायरी ५ : पैसे आणि सह्या एकाच वेळी

टोकन छोटं द्या, तेही बँकेतून. उरलेली रक्कम फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या झाल्यावर. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते का ते आधी विचारा, दुसऱ्या राज्यातली असेल तर ती हवीच. गाडी ताब्यात घेतली त्याची तारीख आणि वेळ दोघांच्या सहीने लिहून ठेवा. तीस दिवसांच्या आत नावावर करायचा अर्ज करा. थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी झाल्याशिवाय रस्त्यावर काढू नका.

‘नावावर न करताच पुढे विकून टाकू’ हा शॉर्टकट बरेच जण सुचवतील. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, गाडी मध्ये कितीही हातांत फिरली तरी. म्हणजे तुमच्या शॉर्टकटमुळे एखाद्या निवृत्त काकांना कोर्टाची नोटीस येणार. ते काका पुढचं गिऱ्हाईक पाठवतील का? आणि आपण विकताना समोरचा हाच शॉर्टकट वापरणार असेल, तर त्या काकांच्या जागी आपण असू.

धंदा म्हणून करायचा असेल तर

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी नियम आलेत. नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते पाच वर्षं चालतं. मालक गाडी तुमच्या ताब्यात देताना पोर्टलवर तशी सूचना देतो, मग जबाबदारी तुमची होते. एक-दोन गाड्या शौक म्हणून ठीक, पण सातत्याने खरेदी-विक्री करणार असाल तर हे प्रमाणपत्र घ्या आणि जीएसटीबद्दल सीएशी बोला.

आजचा गृहपाठ

या आठवड्यात एकही गाडी विकत घ्यायची नाही. फक्त तीन गाड्या बघायच्या. प्रत्येकीची आरसी वाचा, नंबरचा ठसा घ्या, पायरी ४ चा हिशोब वहीत मांडा. तिन्ही नापास झाल्या तर वाईट वाटून घेऊ नका, तुमचं भांडवल अजून खिशातच आहे. चौथी गाडी बघायला जाल तेव्हा प्रश्न विचारणारे तुम्ही असाल आणि उत्तरं देणारा विकणारा असेल.

पुढच्या भागात बघू, दुरुस्तीच्या खर्चाची वही कशी ठेवायची. तोपर्यंत, आधी कागद, मग किक. भेटू!