इतिहासाच्या अभ्यासाला संगणकाची जोड

इतिहास म्हणजे सनावळ्या आणि लढाया, हा समज शाळेपासून विद्यापीठापर्यंत सर्वत्र आढळतो. अस्सल कागदपत्रे विद्यार्थ्याच्या हाती पडत नाहीत, हे त्याचे एक कारण होय. ही उणीव भरून काढण्याचा लक्षणीय प्रयत्न अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात इतिहासकार एडवर्ड एअर्स यांनी केला. अमेरिकन यादवी युद्धाविषयीचा 'द व्हॅली ऑफ द शॅडो' हा त्यांचा संग्रह १९९३ पासून संगणकाच्या महाजालावर येऊ लागला.

संग्रहासाठी दोनच परगणे निवडण्यात आले : गुलामगिरी असलेल्या व्हर्जिनियातील ऑगस्टा आणि ती नसलेल्या पेनसिल्व्हेनियातील फ्रँकलिन. एकाच विस्तीर्ण खोऱ्यातील हे शेतकरी युद्धात परस्परांविरुद्ध उभे राहिले. त्यांची वृत्तपत्रे, पत्रे, रोजनिश्या, शिरगणती व करांच्या नोंदी येथे एकत्र पाहावयास मिळतात. ऑगस्टातील 'स्टॉन्टन स्पेक्टेटर' हे पत्र १८६१ च्या प्रारंभी संघराज्यातून फुटून निघण्यास विरोध करीत होते. एप्रिलमध्ये फोर्ट सम्टरवर मारा झाला, अध्यक्ष लिंकन यांनी सैन्य मागविले आणि त्याच पत्राने दक्षिणेची बाजू उचलून धरली. हा पालट का घडला, याचे उत्तर विद्यार्थ्याने अंक चाळून स्वतः शोधावयाचे असते.

हस्तलिखित मजकूर वाचून तो पुन्हा अक्षरबद्ध करण्याचे कष्ट येथे घेतले गेले, ही गोष्ट विशेष मोलाची. पेशवे दप्तरातील मोडी कागदांची नुसती छायाचित्रे पुढे ठेवली, तर मोडी न जाणणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा उपयोग किती होणार?

तथापि संगणक लिहिलेले तेवढेच शोधू शकतो. ऑगस्टातील सुमारे एक पंचमांश लोक गुलाम होते. १८६० च्या शिरगणतीत त्यांची स्वतंत्र यादी झाली. तीत मालकाचे नाव आहे, गुलामाचे केवळ वय, लिंग व वर्ण. नाव घालून शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला ही माणसे सापडत नाहीत आणि ती नव्हतीच, असा त्याचा ग्रह होऊ शकतो. येथे शिक्षकाची गरज संपत नाही, उलट वाढते. जाणता शिक्षक ही यादी १८७० च्या शिरगणतीशेजारी ठेवावयास सांगतो. मुक्त झालेले हे स्त्रीपुरुष त्या वर्षी राष्ट्रीय शिरगणतीत प्रथमच आपापल्या नावानिशी नोंदले गेले.